यंत्रज्ञाचा फावला वेळ



आजचा विषय चालकांनी दिला आहे. संगणकावर पोट भरणारा माणूस घरी आल्यावर काय करतो, आणि यंत्रांच्या जगात सध्या काय चालले आहे, हे दोन्ही त्यांना ऐकायचे आहे. पहिल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर थोडक्यात संपते. मी जुने रेडिओ उघडून बसतो, आणि आकाश निरभ्र असले म्हणजे रात्री गच्चीवर दुर्बीण नेतो. या दोन्हींतून आजवर एक पैसा मिळालेला नाही. पदरचे मात्र पुष्कळ गेले, असा आमच्या घरातील हिशेब आहे. तेव्हा माझे पुराण पुरे. मला बोलायचे आहे ते फावल्या वेळाविषयी. कारण यंत्रांच्या ज्या वार्ता आपण रोज ऐकतो, त्यांतील पुष्कळशा कुणाच्या तरी फावल्या वेळातून निघालेल्या आहेत, किंवा आपल्या फावल्या वेळावर टपलेल्या आहेत.

आपल्या बोलण्यात छंद आणि नाद हे दोन शब्द शेजारी राहतात. पण त्यांची घराणी निराळी. मुलाला छंद आहे हे बाप चारचौघांत सांगतो. नाद लागला आहे हे तो हळू आवाजात सांगतो. (गवयाचा नाद वेगळा, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.) अडचण अशी की मूल दहा-बारा वर्षांचे असताना दोहोंतला फरक घरच्यांना कळतोच असे नाही. घड्याळ खोलून बसलेला मुलगा आणि पत्ते पिसत बसलेला मुलगा, दोघांनाही एकच बोल ऐकावा लागतो : नसते उद्योग करू नकोस.

शंकर आबाजी भिसे यांची हकिकत अशाच नसत्या उद्योगाची आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा गृहस्थ अकौंटंट जनरलच्या कचेरीत कारकून होता. दिवसा सरकारचे आकडे, आणि उरलेल्या वेळात यंत्रे. यंत्रशास्त्राची रीतसर पदवी त्यांच्याजवळ नव्हती; जे शिकले ते स्वतःच्या हाताने आणि पुस्तकांवरून. लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली : दुकानातील साखर, पीठ यांसारखा सुटा माल आपोआप जोखून देणारे यंत्र सुचवा. मुंबईच्या या कारकुनाने आराखडा पाठवला आणि बक्षीस मिळवले. विलायतेतील कारागिरांना जे साधले नाही ते याला का साधले? माझा आपला तर्क असा, की वाण्याच्या दुकानात तराजूच्या दांडीकडे डोळे लावून उभे राहण्याचा अनुभव आपल्याकडच्या माणसाला अंमळ जास्तच असतो.

पुढे भिसे नोकरी सोडून लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. छापखान्यातील खिळे भराभर ओतणाऱ्या यंत्रावर त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली. ते यंत्र भिसोटाइप या नावाने ओळखले जाते. पण यंत्र बनविणे ही एक गोष्ट, आणि ते बाजारात उभे करणे ही दुसरी. भांडवल आटले. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले, त्यांच्या नावाने मंडळीही निघाली. तरी गाडे सुरळीत चालले नाही. शेवटी भिसे अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले. महाराष्ट्रातल्या किती शाळांतून हे नाव सांगितले जाते? त्यांची बुद्धी आपण वाखाणतो. मला त्याहून नवल वाटते ते कचेरी सुटल्यानंतरच्या त्या तासांचे. ते तास त्यांचे स्वतःचे होते.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी पेटंटच्या कचेरीत आणखी एक नोकरदार बसत असे. त्याचे नाव आइनस्टाइन. १९०५ साली भौतिकशास्त्राची घडी बदलणारे निबंध त्याने लिहिले ते ही नोकरी सांभाळून. आणि घरी व्हायोलिन वाजवायचा तो वेगळाच. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. अगदी अलीकडचे पाहायचे तर १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणक चालविणारी एक प्रणाली लिहायला घेतली आणि लोकांना कळविले, की हा आपला केवळ छंद आहे, यातून मोठे काही व्हायचे नाही. आज या सभेतील बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडचे फोन असतील. त्यांच्या पोटात त्या छंदाचेच लिनक्स चालते आहे. आपल्या मराठीतील उदाहरण सोलापूरच्या अच्युत गोडबोले यांचे. मुंबईच्या आय.आय.टी.तून रसायन अभियंता झाले, संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. आणि मराठी वाचकाला ओळख पटते ती ‘किमयागार’, ‘अर्थात’, ‘मनात’ या पुस्तकांमुळे, किंवा सुलभा पिशवीकरांबरोबर रागसंगीतावर लिहिलेल्या ‘नादवेध’मुळे. विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, संगीत! कंपनीने यांतले काहीही मागितले नव्हते.

आता दुसरी बाजू. पूर्वी कारखान्याला आपले श्रम हवे असत, व्यापाऱ्याला आपला पैसा. आज जगातील काही अत्यंत श्रीमंत कंपन्यांना आपला रिकामा वेळ हवा आहे. फोनवर चित्रे फुकट दिसतात, पण आपण जितकी मिनिटे पाहत राहू तितक्या जाहिराती खपतात. म्हणून त्या पानाला शेवट ठेवलेला नसतो. पोथीला अध्याय असतात, कीर्तनाला आरती असते, आपल्या परमेश्वराच्या यात्रेलाही शेवटचा दिवस असतो, याला नाही. अंगठा वर सरकत राहतो. शिवाय कोण कशापाशी थांबला याची नोंद होते, आणि त्याला तसलेच पुढचे दाखविले जाते. ज्याला आपण करमणूक म्हणतो ती इतक्या हुशार माणसांनी इतक्या चिकाटीने रचलेली आहे, की बारा वर्षांच्या लेकराने आपण होऊन उठावे अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचे तर विचारू नका. रमीच्या त्या जाहिराती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ बंद ठरविले. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास डिसेंबर २०२५ पासून मनाई केली. मी मनाईचा भक्त नाही. आपल्या या भागाने निजामाच्या अमदानीत, अशी सभा भरवायची तरी परवानगी काढण्याचे दिवस पाहिले आहेत. सरकारी मनाई म्हणजे काय हे १९४८ पूर्वीच्या मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. तरीही रमीच्या बाबतीत कायदा आला ते बरेच झाले. पण कायदा फार तर दार लावून घेईल. संध्याकाळी सात ते नऊ मुलाने करायचे काय, हे कायदा सांगणार नाही.

यंत्रजगताची एक वार्ता आपल्या उंबरठ्यापाशी घडते आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो ही वेधशाळा उभी करण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. हिच्यात डोळा लावायची दुर्बीण नाही. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आतली हवा काढून टाकलेली. त्यांतून लेसरचा प्रकाश धाडायचा, आरशांवरून परत आणायचा, आणि दोन्हीकडच्या अंतरांत अणुकेंद्राहूनही कितीतरी बारीक फरक पडतो का ते पाहायचे. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर अवकाशच किंचित ताणले जाते. असे व्हावे हे त्या आइनस्टाइनने १९१६ साली मांडले, आणि अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी ते प्रथम टिपले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे गेली. या यंत्राला स्थिर जमीन लागते. रेल्वे गेली, अवजड ट्रक गेला, तरी त्याचे चित्त विचलित होते. म्हणून जागा निवडताना जमिनीचा निवांतपणा मोजावा लागला. मराठवाड्याच्या मागासलेपणाची आपण नेहमी रड ऐकतो. इथल्या शांततेला प्रथमच एवढी किंमत आली असेल.

काल एका गृहस्थांनी मला विचारले, त्या वेधशाळेत आमच्या मुलांना नोकऱ्या किती? प्रश्न रास्त आहे. थोड्याच लागतील, हे खरे उत्तर. पण त्या नळ्यांकडे पाहून एखाद्या मुलीला गणिताचा छंद लागला, तर तिचे घरी काय होईल, हा माझा त्यांना उलट प्रश्न होता. त्यावर ते हसले. उत्तर दिले नाही.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. समोरच्या मैदानात माझी लहानशी दुर्बीण लावून ठेवली आहे आणि तिकडचे दिवे मालवायची विनंती चालकांनी मान्य केली आहे. उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आले आहेत. लग्नात नवरानवरीला दाखवतात ती अरुंधती वसिष्ठाजवळ नुसत्या डोळ्यांनी पाहा. मग दुर्बिणीतून वसिष्ठाकडे पाहा. तो एक तारा नाही, दोन आहेत. रांगेत लहान मुलांना पुढे येऊ द्यावे, आणि कृपा करून फोनचा उजेड कुणी पाडू नये. अंधाराला डोळे सरावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात.