रानातले झुडूप आणि रोपवाटिकेचे काम



 पाणी, अनुदान, वाहतूक यांवरचे ठराव संमेलनाच्या दुपारच्या सत्रात होतीलच. अध्यक्ष म्हणून मी मात्र एका परमुलखातल्या झुडपाची हकिगत सांगणार आहे, कारण आपल्या रोपवाटिकेच्या धंद्याचा कळीचा प्रश्न तिच्यात आहे.

हे झुडूप म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचे सदाहरित मर्टल. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सारी त्याची भावंडे. पान उजेडासमोर धरा, तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. चुरगळा, वास थेट निलगिरीच्या वळणाचा, कारण सिनिओल हे द्रव्य दोन्हींत आहे. उन्हाळ्यात पुंकेसरांनी भरलेली पांढरी फुले येतात आणि थंडीच्या तोंडाला निळी-काळी फळे पिकतात.

त्याचे उपयोग पाहा. ग्रनाडाच्या अलहम्ब्रा राजवाड्यात एका चौकाला नावच मर्टलचे आहे. तिथल्या हौदाच्या दोन्ही बाजूंना त्याची कातरलेली कुंपणे आहेत. युनानी हकीम त्याच्या फळाला ‘हब्बुल आस’ म्हणतात आणि ते स्तंभक म्हणून देतात. ज्यू लोकांच्या सुक्कोथ सणात खजुराच्या कोवळ्या झावळीबरोबर मर्टलच्या डहाळ्या बांधतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजालाही हा सण परका नाही. त्या डहाळीला एका पेऱ्यावर तीन पाने असावी लागतात. एरवी या झुडपाला पाने जोडीने येतात.

इथेच माझा मुद्दा सुरू होतो. कुंपणवाल्याला दाट वाढ हवी, तेल काढणाऱ्याला भरपूर पाला, सणाला तीन पानांचा पेरा आणि मद्य करणाऱ्याला टपोरे, रंगदार फळ. झुडपाची जात एकच, पण या चौघांना एकच रोप देऊन भागणार नाही.

सार्डिनिया बेटावर हे प्रत्यक्ष घडले. तिथे पिकलेली फळे मद्यार्कात मुरवून ‘मिर्तो’ नावाचे गोडसर मद्य करतात. पिढ्यान्‌पिढ्या हे घरगुती काम होते आणि फळे रानातून येत. कारखाने उभे राहिले तशी मागणी वाढली, आणि ओरबाडून केलेल्या तोडणीत फांद्या मोडू लागल्या. तेव्हा तिथल्याच सासरी शहरातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी रानातल्या झुडपांची पाहणी केली, चांगली फळणारी वेगळी काढली आणि छाट कलमांनी त्यांची रोपे वाढवून बागा लावण्याची वाट दाखवली.

बियांपासून रोप होते, पण मातृझाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून अर्धपक्व फांदीचे बोटभर लांबीचे छाट घ्यायचे, खालची पाने काढायची, संजीवक लावायचे आणि मुळे फुटेपर्यंत हवेत दमटपणा राखायचा. जमीन निचऱ्याची हवी. चुनखडी चालते, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. सतत कातरलेल्या कुंपणाला फुलेच कमी येतात, तिथे फळांची आशा धरू नये.

उद्यापासून आपण सगळ्यांनी मर्टल लावावे, असे मी म्हणत नाही. हे हिवाळी पावसाच्या मुलखातले झाड आहे. कोकणच्या मुसळधारेत ते रमणार नाही. देशावर निचऱ्याच्या जागी कुंडीत किंवा कुंपणाला हौसेने लावा, पण शेतकऱ्याला नगदी पीक म्हणून विकू नका.

घ्यायची आहे ती रानातली चांगली झाडे निवडून त्यांची कलमे करण्याची रीत. जांभळात ती आपल्याकडे रुजली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण बहाडोली’ हे वाण सगळ्यांना माहीत आहे. करवंद मात्र अजून बहुतांशी जाळीतूनच बाजारात येते. मोठ्या फळाची जाळी कोणती, कमी चिकाची कोणती, लोणच्याला कुठली आणि सरबताला कुठली, हे फळे वेचणाऱ्या बायांना ठाऊक असते. आपण त्यांना विचारत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : प्रत्येक विभागाने आपल्या भागातल्या एका रानफळाची मातृझाडे हेरावीत. वेचणाऱ्यांना सोबत न्यावे आणि त्या कामाचा मोबदला द्यावा. झाडाची जागा, फळाचा काळ आणि उपयोग नोंदवावा, कलमे करून ती निदान दोन-तीन हंगाम पारखावीत, आणि मगच विक्रीची पाटी लावावी. दुपारच्या सत्रात हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. त्यावर कसून चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा. पण ठराव झाला तर पहिली पाहणी येत्या करवंदांच्या हंगामातच व्हायला हवी.