शंखासुर कसा काढाल?



पेडण्यातल्या या केरी गावात, तेरेखोल नदी समुद्राला मिळते त्या टोकावर, आपण जमलो आहोत. समोर तेरेखोलचा किल्ला, त्यापलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा. तिथल्या पिंगुळीचे ठाकर पिढ्यान्‌पिढ्या एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले. त्यांच्यापैकीच परशुराम गंगावणे यांना या चित्रकथी परंपरेसाठी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकादंबरी आपल्याला परकी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ही नदी ओलांडावी.

पण आपला विषय आख्यान नाही, सिद्धांत आहे. ग्रंथातला विचार चित्रात आला की पातळ होतो, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून अवतारकथांमागे दडलेला जुलमाचा इतिहास तिथे उलगडतो. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी २०११ मध्ये तिच्यावर इंग्रजी चित्रकादंबरी केली. ‘गुलामगिरी’त अवतारकथेत मारला गेलेला शंखासुर आहे. आमच्या जत्रेतल्या दशावतारातही तोच संकासूर म्हणून येतो, आणि पोरंटोरंसुद्धा त्याला वेशावरून ओळखतात. आता त्याला काढायचा कसा? राक्षस म्हणून, की मारला गेलेला राजा म्हणून? गद्यात हा प्रश्न दोन वाक्यांच्या मधे लपवता येतो. चित्रकाराला मात्र डोळे, कपाळ, हातातलं हत्यार, सगळं ठरवावंच लागतं. तिथे सिद्धांताची खरी परीक्षा होते.

२०११ मध्येच आलेल्या ‘भीमायन’ या आंबेडकरांवरच्या चित्रकादंबरीत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली. जातिव्यवस्थेवरची कितीतरी पानं त्या एका नांगीत आहेत, असं मी मानतो.

माझी एक मागणी आहे. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावसंस्थेवर निबंध लिहिला. तो १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त आहे. आमचं पेडणं नव्या काबिजादीतलं, तरी गावकरी ही गावाची सामाईक जमीनसंस्था, खाजन या खाडीकाठच्या शेतीचा बांध, मानशीचा म्हणजे त्या बांधातल्या पाणदाराचा लिलाव, हे शब्द इथेही घराघरांत कळतात. तो निबंध चित्रात यावा. जमीन सामाईक म्हणजे नेमकी कोणाची, आणि बांधावर चिखल उपसणारा त्या ‘सामाईक’मध्ये कुठे उभा, हे चित्रकारानेच आम्हाला दाखवावं. उद्याच्या कार्यशाळेत याच निबंधापासून सुरुवात करूया. कागद आणि शाई मांडून ठेवली आहे. खाजनात राबलेली गावातली जाणती माणसंही येऊन बसणार आहेत. त्यांना विचारा, मगच रेषा ओढा.