किती जोर, किती लांबून

चाक बदलताना नट हलत नसला की शेजारी उभा असलेला कुणीतरी हमखास सांगतो, ‘पान्याला पाईप लाव.’ सल्ला सोळा आणे खरा आहे. हाताचा जोर तेवढाच राहतो, पण तो नटापासून लांब लागतो. फिरवण्याच्या या परिणामाला टॉर्क म्हणतात. तो म्हणजे बल आणि अंतर यांचा गुणाकार. बल न्यूटनमध्ये, अंतर मीटरमध्ये, म्हणून एकक न्यूटन-मीटर. यातलं अंतर बलाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाइतकं धरायचं. पाना तिरका ओढला की तेवढा जोर फुकट जातो.

अनेक लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना 100 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क सांगितलेला असतो. पाना 25 सेंटीमीटरचा असेल तर 400 न्यूटन, म्हणजे साधारण 41 किलो वजनाइतका जोर लागेल; 50 सेंटीमीटरचा असेल तर त्याच्या निम्मा. आता 60 किलोचा माणूस 40 सेंटीमीटरच्या आडव्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर 60 गुणिले 9.8 गुणिले 0.4, म्हणजे 235 न्यूटन-मीटर! जाम नट काढताना हा उपाय एक वेळ चालेल, बसवताना मुळीच नाही. बोल्ट गरजेपेक्षा ताणला जातो, आटे जातात, आणि पुढच्या पंक्चरला तो नट सुटता सुटत नाही.

खरं तर नट आवळताना आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण. तो थेट मोजणं अवघड, म्हणून आपण टॉर्क मोजतो. पण त्यातला ढोबळमानाने निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताण निर्माण करायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलने कोरडे आटे सांगितले असतील तर कोरडेच ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

एककांचा घोळ याहून महाग पडतो. जुन्या मॅन्युअलांत टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये असे. तिथे किलोग्रॅम म्हणजे एक किलोचं वजन, म्हणून 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर. अमेरिकी पुस्तकांतला पाउंड-फूट 1.356 न्यूटन-मीटरचा. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला 10 न्यूटन-मीटर पुरतात. तेच 10 कुणी किलोग्रॅम-मीटर समजून आवळलं, तर बोल्टचं डोकं हातात येईल आणि उरलेला तुकडा इंजिनाच्या आत अडकेल.

ऊर्जेचं एकक ज्यूल, तेही न्यूटन गुणिले मीटरच. मग टॉर्क ज्यूलमध्ये का सांगत नाहीत? जाम नटावर 100 न्यूटन-मीटर लावले आणि तो तसूभरही फिरला नाही, तर टॉर्क पूर्ण आहे, नटावर झालेलं कार्य शून्य. टॉर्कला कोनाने गुणलं, की कार्य मिळतं. एक न्यूटन-मीटर लावून पूर्ण एक फेरा फिरवला, तर 6.28 ज्यूल.

हाच हिशेब वेळेशी जोडला की शक्ती येते: टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले 9549, उत्तर किलोवॅटमध्ये. 30 किलोवॅटचं एक इंजिन 2000 फेऱ्यांना ती शक्ती देत असेल, तर टॉर्क सुमारे 143. दुसरं 8000 फेऱ्यांना देत असेल, तर जेमतेम 36. ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्या जातीचं. समजा गिअरांनी फेरे शंभरपट कमी केले, तर घर्षणाची घट सोडून मागच्या आसावर 14,300 न्यूटन-मीटर पोचतील. चाकाची त्रिज्या 0.7 मीटर धरली, तर जमिनीवरची ओढ 20,000 न्यूटनच्या वर जाते, म्हणजे दोन टनांहून जास्त. एवढी ओढ पेलायला मातीची पकड हवी, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात, ते यासाठी.