वार्धक्यांतील पडणें आणि रक्त न गोठूं देणारीं औषधें
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या सभेंत आरोग्यावर दोन शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं डोक्यावरून रेतीच्या पाट्या वाहून हें मंदिर उभें केलें, ते आज ऐंशीच्या घरांत आहेत, आणि त्यांपैकीं अनेकांच्या उशाशीं एक लहानशी गोळी असते. तिजविषयींच आम्ही बोलणार आहों.

लोक तीस रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. हें नांव सोयीचें आहे, खरें नव्हे. रक्त पाण्यासारखें होत नाहीं. तें गोठण्यास वेळ लागतो, इतकेंच. ह्या औषधांच्या दोन जाती आहेत. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल हीं रक्तांतील सूक्ष्म चकत्यांस एकमेकींशीं चिकटूं देत नाहींत. वॉर्फरिन, ॲसिनोकूमरॉल आणि अलीकडचीं डाबिगाट्रान, रिव्हरोक्साबान, एपिक्साबान हीं गोठण्याच्या रासायनिक क्रियेसच आळा घालतात. वॉर्फरिनाचा इतिहास मौजेचा आहे. १९२० नंतरच्या दशकांत उत्तर अमेरिकेंतील गुरें क्लोव्हर नांवाचा बुरसलेला चारा खाऊन रक्तस्रावानें मरूं लागलीं. पुढें विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल लिंक व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्यांतील द्रव्य वेगळें केलें. त्याच कुळांतील वॉर्फरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, आणि १९५४ सालीं अमेरिकेंत माणसांस देण्याची मान्यता त्यास मिळाली. म्हणून कोणीं नाक मुरडूं नये. सारें मात्रेवर आहे.

हृदयाचे ठोके अनियमित पडूं लागले म्हणजे हृदयांत रक्ताची गुठळी बनते आणि ती मेंदूंत जाऊन अडकली कीं अर्धांगवायु होतो. अशा माणसांत हा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो. गोळी तो टाळते. ज्यांच्या हृदयांत धातूची झडप बसविली आहे त्यांस तर ती जन्मभर घ्यावी लागते, व तींही जुन्या जातीचींच. नवीं औषधें त्या झडपेस चालत नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. वयाबरोबर मेंदू किंचित् आकसतो. कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळें मेंदूपासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि लहानशा धक्क्यानेंही एखादी तुटते. तरुणाच्या डोक्यांत अशी शीर बहुधा लवकर बंद होईल. गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यांत ती झिरपत राहते, आणि आंत मोकळी जागा असल्यानें बराच वेळ कांहीं कळत नाहीं. माणूस बोलतो, चहा घेतो, जपमाळ म्हणतो. टेंगूळ बाहेर आलें, आंत कांहीं नाहीं, असें म्हणून घरचीं माणसें हळद लावून निश्चिंत होतात. हा समज घातक आहे. बाहेरचें टेंगूळ आंतल्या रक्तस्रावाविषयीं कांहींच सांगत नाहीं.

शिवाय पुष्कळदां घरच्यांस पडण्याची वार्ताच नसते. आजी सांगत नाहीं. सांगितलें तर उद्यांपासून पहाटेच्या मिस्सेस एकटीनें जाऊं देणार नाहींत, हें ती जाणून असते. तिचें भय खोटें आहे काय? आम्हांस वाटतें, ह्या बाबतींत दोष आजीपेक्षां आपल्या रागावण्याचा अधिक आहे.

तेव्हां गोळी घेणाऱ्या वृद्धाचें डोकें आपटलें, तर तो ठीक दिसत असला तरी त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें, आणि दारांतच औषधाचें नांव व शेवटची गोळी केव्हां घेतली तें सांगावें. इंग्लंडांतील नाइस ह्या संस्थेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शनांत अशा रोग्याचा, इतर लक्षणें नसलीं तरी, आठ तासांच्या आंत सी. टी. स्कॅन करण्याचा विचार करावा असें म्हटलें आहे. एकटी ॲस्पिरिन घेणारे मात्र त्यांतून वगळले आहेत. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, अडखळती वाणी किंवा शुद्ध हरपणें असेल तर एक क्षणही दवडूं नये. डोकें दुखतें म्हणून घरांतील ॲस्पिरिन वा गुडघेदुखीची गोळी मुळींच देऊं नये. वॉर्फरिनावर उतारा म्हणून जीवनसत्त्व के आणि गोठण्याचे घटक देतां येतात, डाबिगाट्रानास निराळा उतारा आहे. म्हणूनच नांव सांगणें अगत्याचें.

पहिला स्कॅन निर्दोष निघाला तरी थोड्यांत रक्तस्राव उशिरां होतो. कधीं कधीं तर तीन-चार आठवड्यांनीं चाल मंदावते, एक हात दुबळा होतो, विस्मरण वाढतें, आणि आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतों. कवटीस लहान छिद्र पाडून तें सांठलेलें रक्त काढतां येतें, व पुष्कळ रोगी पूर्ववत् चालूं बोलूं लागतात.

हें ऐकून कोणी आज रात्रीं गोळी बंद करील, ही आमची मोठी चिंता आहे. तसें करूं नये. १९९९ सालीं कॅनडांतील वैद्यांनीं गणित मांडलें: वॉर्फरिनाचा लाभ तोट्यांत जाण्यास मनुष्यानें वर्षांत सुमारें ३०० वेळां पडावें लागेल. त्या गणितास मर्यादा आहेत, परंतु त्याचा रोख चुकीचा नाहीं. डोकें आपटल्यावर पुढील गोळी द्यावी कीं नाहीं हेंही डॉक्टरांनींच ठरवावें.

प्रत्येक घरानें गोळीचें नांव, मात्रा व कारण एका चिठ्ठीवर लिहून आजी-आजोबांच्या प्रार्थनापुस्तकांत ठेवावें. पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांनीं ती चिठ्ठी आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि गेल्या महिन्यांत कुठें पडलां काय, असें प्रेमानें विचारावें. घरच्यांस न सांगितलेलें पाहुण्यास सांगतात. राहतां राहिल्या आपल्या चर्चच्या पायऱ्या. पावसाळ्यांत त्यांवर शेवाळ धरतें. महोत्सवाच्या निधींतून कांहीं उरल्यास त्यांस दोन्ही बाजूंनीं कठडा बसवावा, अशी फादरांस आमची नम्र विनंती आहे.