शहराला गुण देताना आपलीही वही हवी

आज आपण शहराबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपण खेड्यातल्या बाया, वाशिम नगरपरिषदेशी आपल्याला काय करायचं? पण बाजार तिथे, दवाखाना तिथे, लेकीचं कॉलेज तिथे. शहराचा कचरा शेवटी कुठल्यातरी शिवाराच्या कडेलाच पडतो. आणि वाशिमच्या नळाला एकबुर्जी धरणाचं पाणी जातं. धरणात साठा कमी असला की आधी पिण्याचं पाणी राखतात, सिंचन मागे राहतं. तसंच असायला पाहिजे. म्हणून तर ते पाणी शहरात कसं वापरलं जातं, हे आपणही विचारायचं.

सरकार शहरांना गुण देतं. केंद्राचं स्वच्छ सर्वेक्षण २०१६ साली ७३ शहरांपासून सुरू झालं, पुढे लहान शहरंही त्यात आली. २०२० मध्ये राज्याने माझी वसुंधरा अभियान काढलं. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गुण मिळतात, आणि ग्रामपंचायतीही त्यात येतात. चांगलंच आहे. फक्त भिंती रंगवून मिळालेले गुण आणि घरात दिसणारा फरक, यात अंतर असतं. ते अंतर बाईला आधी कळतं.

पाण्याचंच बघा. भूमिगत गटार नसलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला ७० लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला झाले ३५० लिटर. आता समजा नळ आठ दिवसांनी आला. म्हणजे एका पाळीत २८०० लिटर भरून ठेवायचं. दोनशे लिटरचे १४ ड्रम! दोन खोल्यांच्या घरात ठेवायचे कुठे? कागदावर सरासरी बरोबर येते, पण भरणारीची कंबर त्या हिशेबात नसते. शिवाय साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो. आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करा, असं आशाताई सांगतात. पण नळच आठव्या दिवशी आला तर पाणी ओतून द्यायला जीव होतो का? म्हणून आम्ही म्हणतो, किती लिटर सोडलं यासोबत किती दिवसांनी सोडलं, हेही मोजा.

कचऱ्याच्या २०१६ च्या नियमातच सांगितलं होतं: ओला वेगळा, सुका वेगळा, घरातला घातक कचरा वेगळा. आपण वेगळा करून द्यायचा आणि घंटागाडीत तो एकत्र व्हायचा, असं झालं की बाया दुसऱ्या दिवशी वेगळा करणं सोडतात. त्यात त्यांचं काय चुकलं? सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला आपल्या वाशिमपेक्षा बरंच लहान. तिथे कचरा आधी वेगळा होतो, ओल्याचा बायोगॅस होतो, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात जातं. जिथे कचऱ्याचा ढीग होता, ती जागा आता लोक बघायला जातात.

तर शहरात बैठक घेणाऱ्या गटांनी एक वही घालावी. नळ कोणत्या तारखेला आला, किती वेळ होता. घंटागाडी आली का, कप्पे वेगळे होते का. खेड्यातल्या गटांनी बाजाराच्या दिवशी बायांचं स्वच्छतागृह उघडं होतं का, आत पाणी होतं का, एवढं लिहावं. बचतीच्या हिशेबाला आपण जशी सही घेतो तशी इथेही घ्यायची. तीन महिन्यांचं पान भरलं की त्याची एक प्रत अर्जासोबत नगरपरिषदेच्या आवक विभागात द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका.