मातीचा घसारा कोणाच्या खात्यात?

(जागतिक मृदा दिनाच्या निमित्ताने विष्णुपुरी येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

५ डिसेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ पासून मृदा दिन म्हणून पाळावयास आरंभ केला. अशा दिवशी शेतकऱ्याला उपदेश करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. माती वाचवा, सेंद्रिय खत वापरा, पाचट जाळू नका, असे त्याला सांगण्यात येते. हा उपदेश खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, आणि त्या शास्त्राने मला एक सवय लावली आहे. एखादी वस्तू सर्वत्र नासत असेल, तर माणसांच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्यापूर्वी हिशेबाची वही उघडून पाहावी. आज ती वही आपण उघडू.

आपण गोदावरीच्या काठी बसलो आहोत. पावसाळ्यात विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की लोक पाणी पाहावयास जातात. त्या गढूळ पाण्याचा रंग म्हणजे कोणाच्या तरी शेताचा वरचा थर होय. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तीत पिके गेली, गुरे गेली, आणि अनेक ठिकाणी शेतच्या शेत खरडून जाऊन खाली मुरूम उघडा पडला. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर काय जाते, याचा आकडा मांडून पाहू.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरचा एक इंचाचा थर म्हणजे ३,६३० घनफूट, अर्थात ३६ ब्रास माती. सहा इंच माती वाहून गेली असेल तर एकरी सुमारे २१८ ब्रास, आणि हेक्टरी सुमारे ५३८ ब्रास गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने जी मदत जाहीर केली, तीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी ३ लाख रुपये असा उल्लेख होता. रोख रकमेला ५३८ ने भागा. एका ब्राशीला ८७ रुपये पडतात. एवढ्या पैशात एक ब्रास गाळ तलावातून उचलून शेतात आणून पडेल काय, हे आपल्या गावच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा. उरलेले ३ लाख हे काम मंजूर झाले, मस्टर निघाले आणि मजूर मिळाले तरच शेतापर्यंत पोहोचणारे. शासनाने मातीचा स्वतंत्र विचार केला याचे मी स्वागतच करतो. परंतु ही नोंद आपत्तीच्या वर्षी झाली. दरसाल थोडी थोडी जी माती जाते, जे सत्त्व पिकाबरोबर बाजारात जाते, त्याची नोंद कोठे आहे?

कारखानदार आपल्या यंत्राची झीज हिशेबात धरतो. तिला आपण घसारा म्हणतो. घसारा वजा केल्यावर जे उरते तोच नफा, आणि सरकारही हे मान्य करून त्यावर करात सूट देते. शेतमालाचे हमीभाव ठरविताना केंद्रीय आयोग जो उत्पादनखर्च काढतो, त्यात अवजारांचा व शेतातील बांधकामांचा घसारा धरला जातो, स्वतःच्या जमिनीचा खंडही एका हिशेबात धरला जातो. मात्र मातीच्या झिजेचे कलम त्यात कोठेही नाही. नांगर झिजतो असे मान्य आहे, आणि ज्या मातीत तो चालतो ती अक्षय आहे असे गृहीत आहे. ज्या किमतीत ही झीज धरलेली नाही त्या किमतीला सोयाबीन विकणारा शेतकरी धान्याबरोबर आपले भांडवलही विकत असतो. शहरातील स्वस्ताईचा काही भाग या न मोजलेल्या घसाऱ्यातून आलेला आहे.

हा विचार नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात तो आहे. जंगलखात्याने डोंगर अडविले, गुरांची चराई तुटली आणि झाडपाल्याचे सत्त्व शेतात उतरेनासे झाले, हे त्यांनी दाखविले. उपाय म्हणून लष्करातील शिपायांना व पोलिसांना ताली-बंधाऱ्यांच्या कामी लावावे, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्याला मिळेल, असे त्यांनी सुचविले. मातीचे रक्षण हे राज्यसंस्थेचे काम आहे, हे त्यांनी त्या काळी सांगितले. त्यापूर्वी सोळा वर्षे, १८६७ साली, मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामगाराची झीज आणि जमिनीची झीज यांचा विचार एकत्रच केला होता. आपल्या चळवळीने त्यातील पहिला भाग पाठ केला, दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले.

आता खताचा प्रश्न घ्या. शेतकरी युरियाच का ओततो? ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश यांच्या खतांवरील किंमत-नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. १९९१-९२ मध्ये देशात नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते. एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. सर्वसाधारणपणे योग्य मानले जाणारे प्रमाण ४ : २ : १ आहे. एका वर्षात देशातील शेतकरी अडाणी झाले नव्हते. बदलली होती ती किंमत. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया वगळला गेला. २०२५ साली युरियाचे ४५ किलोचे पोते सुमारे २६७ रुपयांना आणि डीएपीचे ५० किलोचे पोते १३५० रुपयांना होते. अशा स्थितीत ज्याच्या खिशात पाचशे रुपये आहेत तो काय घेईल? २०१५ पासून माती आरोग्य पत्रिका वाटण्यात आल्या, त्यात बारा घटकांची तपासणी असते. पण योजनेच्या मूळ रचनेत कोरडवाहू भागात १० हेक्टरांमागे एक नमुना घ्यावयाचा होता. म्हणजे माझ्या हाती आलेली पत्रिका बहुधा शेजाऱ्याच्या शेताची.

येथवर मी सरकारला दोष दिला. आता स्वतःकडे वळतो, कारण आपल्यातील अनेक पांढरपेशे साथी याच वाटेने गेले आहेत.

लोहा तालुक्यात आमची वडिलार्जित आठ एकर जमीन आहे. माझ्या लहानपणी घरी दोन बैल, तीन म्हशी होत्या आणि वाड्यामागे उकंडा होता. उन्हाळ्यात वडील धनगरांना बोलावून रानात मेंढ्या बसवीत. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर बांध घालावयास जाई आणि तेथली सुकडी मला आणून देई. तो बांध आजही उभा आहे. वडील गेल्यावर बैलबारदाना मोडला, मी नोकरीच्या गावी होतो, आणि जमीन ठोक्याने देऊ लागलो. करार तोंडी, एका वर्षाचा, आणि दर एकदोन वर्षांनी माणूस बदललेला. का? तर कूळ लागेल या भीतीने. हैदराबाद राज्यातील १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, हे मी वर्गात अभिमानाने शिकवीत होतो आणि घरी त्याच कायद्याला बगल देत होतो.

निवृत्तीनंतर मातीचा नमुना तपासून घेतला. सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के आला, त्यापुढे ‘कमी’ असा शेरा. मी त्या वर्षीच्या ठोकेकऱ्याला जरा रागानेच विचारले की, शेणखत का टाकीत नाही? तो शांतपणे म्हणाला, “सर, औंदा रान माझ्याकडं. पुढल्या साली कोणाकडं? मग खत कोणाच्या पिकासाठी टाकू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेणखताचे फळ दोनतीन वर्षांनी मिळते, आणि मी त्याला एकच वर्ष दिले होते. चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून जे मला उमगले नाही ते त्याने दोन वाक्यांत सांगितले.

त्यानंतर मी त्याच्याशी पाच वर्षांचा लेखी करार केला. शेणखताचा निम्मा खर्च माझा, बांध दुरुस्तीचा सगळा माझा. भावकीतले लोक म्हणाले, जमीन घालवशील. पहिल्या दोन वर्षांत उत्पन्नात डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पावसानंतर शेताच्या खालच्या अंगाला पाणी पूर्वीइतके गढूळ निघत नाही.

पाण्याबद्दलही दोन शब्द. सिंचन आले की माती सुधारते, हा समज घातक आहे. काळ्या भारी जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. अशा जमिनीला बेहिशेबी पाणी दिले की ती चिबड होते, क्षार वर येतात. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्यावर हा अनुभव शंभर वर्षांपूर्वी आला, सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात तो पुन्हा आला. जायकवाडी, पूर्णा आणि हा विष्णुपुरीचा उपसा यांच्या लाभक्षेत्रात पाण्याबरोबर निचऱ्याच्या चराची मागणी करणारा कार्यकर्ता मला अजून भेटावयाचा आहे.

मग आपण मागावे काय? पहिली मागणी, हमीभावाच्या उत्पादनखर्चात मातीच्या घसाऱ्याचे कलम घालावे. दुसरी, खतांच्या अनुदानातील असमतोल दूर करावा, आणि तो करताना लहान शेतकऱ्याचा एकूण खर्च वाढू देऊ नये. शेणखत व कंपोस्ट यांनाही अनुदानात स्थान असावे. तिसरी, ठोक्याच्या व बटईच्या करारांना लेखी, किमान पाच वर्षांची मान्यता द्यावी. मालकाची मालकी सुरक्षित राहावी, आणि कसणाऱ्याने जमिनीत घातलेले सत्त्व करार संपताना शिल्लक असेल तर त्याची भरपाई मिळावी. इंग्लंडने अशी भरपाई १८८३ च्या कायद्याने सक्तीची केली. नीती आयोगाने २०१६ साली जमीन भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना पुढे ठेवला. त्यात कसणाऱ्याची बाजू भक्कम करून घेणे हे आपले काम आहे. चौथी, सार्वजनिक रोजगाराच्या कामांत बांधबंदिस्तीला अग्रक्रम मिळावा. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला त्याला हे अवघड नाही. धरणातील गाळाची योजना २०१७ साली आली तेव्हा गाळ फुकट होता आणि वाहतूक शेतकऱ्याच्या माथी होती. साहजिकच ज्याच्या दारी ट्रॅक्टर त्याच्या शेतात गाळ गेला. पुढे लहान शेतकऱ्यांसाठी अनुदानाची दुरुस्ती झाली. ती तुमच्या गावात कोणापर्यंत पोहोचली, याची यादी ग्रामसभेत मागा.

साथींनो, जनजागृती करावयाची ती केवळ शेतकऱ्याची नव्हे. जमीन ठोक्याने देणाऱ्या नोकरदाराची, स्वस्त धान्य मागणाऱ्या शहरवासीयाची आणि आपल्या पक्षाचीही केली पाहिजे. आपण ‘कसेल त्याची जमीन’ असे म्हणत आलो. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याने ती कोणत्या स्थितीत पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची, हा त्याच घोषणेचा राहिलेला अर्धा भाग आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावी ठोक्याने दिलेल्या जमिनींची यादी करावी, आणि त्यांतील निदान एका मालकाला पाच वर्षांच्या लेखी कराराला राजी करावे. तो मालक आपल्याच घरातला असेल, तर आरंभ तेथूनच करावा.