मुखपट्टीची सक्ती आणि आपली समाजदृष्टी

(वर्षावासानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाने आम्हास बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. आम्ही काही विद्वान नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलो आणि आयुष्याची वीसेक वर्षे काउंटरमागे बसून काढली. म्हणून आम्ही काउंटरवरून दिसणाराच विषय घेतला आहे. करोनाच्या काळात प्रत्येक दुकानाच्या दारावर एक पाटी होती : ‘मास्क नाही तर प्रवेश नाही.’ त्या पाटीविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

ही सक्ती आता राहिलेली नाही. २ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्र शासनाने ती उठविली. मग गेलेल्या गोष्टीवर आज कशाला बोलायचे, असे कोणी विचारील. साथ गेली, परंतु त्या पाटीपुढे आपण एकमेकांशी कसे वागलो याचा हिशेब कोणी केलेला नाही. पुढे एखादी साथ आली तर तो हिशेब कामास येईल, असे आम्हास वाटते.

प्रथम आपल्या जिल्ह्याची स्थिती आठवू या. ३० एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने जिल्ह्यांची यादी काढली, तीत वर्धा हिरव्या पट्ट्यात होता. आपल्याकडे रोग नाही, तो मुंबई-पुण्याचा आहे, अशी लोकांची समजूत झाली. मे महिन्यात जिल्ह्यात पहिला रुग्ण नोंदला गेला आणि समजूत मोडली. पुढे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय यांतील खाटांची चौकशी करणे हा घरोघरचा विषय झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेची चाहूल विदर्भात लागली, तेव्हा शेजारच्या अमरावतीला पुन्हा टाळेबंदी आली. आठवडी बाजार बंद, एसटी बंद, पण किराणा दुकान मात्र उघडे. म्हणून सारा समाज एकमेकांना भेटे तो किराणा दुकानाच्या दारात, आणि भांडणही तिथेच होई.

आता कोणी म्हणेल की आपल्या लोकांना तोंड झाकण्याची सवय नव्हती, म्हणून विरोध झाला. हे काही खरे नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही पाहा, दुपट्ट्याने तोंड बांधल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. शेतावर जाणारी बाई पदर नाकावरून घेते. पूर्वी आमच्याच बँकेच्या दारावर पाटी होती की, आत येताना हेल्मेट व तोंडावरचा दुपट्टा काढावा. त्याच दारावर काही दिवसांत उलट पाटी लागली. तोंड झाकण्याला लोकांची हरकत नव्हती. कोणी सांगितले, कसे सांगितले आणि सांगणाऱ्याने स्वतः पाळले का, यावर सारे अवलंबून होते.

सांगणाऱ्यांमध्येही एकवाक्यता नव्हती. साथीच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की निरोगी माणसाने मास्क वापरण्याची गरज नाही. एप्रिल २०२० मध्ये आपल्या सरकारने घरी शिवलेला मास्क वापरा असे सांगितले. १४ एप्रिलला, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान दूरदर्शनवर आले ते तोंडाला गमछा बांधून. जूनमध्ये जागतिक संघटनेने आपला सल्ला बदलला. आणि २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्य शासनाच्या आदेशात स्पष्ट लिहिले गेले की रुमालाला मास्क समजले जाणार नाही, रुमाल बांधणाऱ्यास दंड होईल. शास्त्रात नवे कळले की जुने बदलावे लागते, हे सुशिक्षितास समजते. परंतु बदल का झाला हे सामान्य माणसाला कोणी समजावून सांगितले नाही. त्याला एवढेच दिसले की काल चालत होते ते आज गुन्हा ठरले.

कारण तसे अवघड नव्हते. हा रोग श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांनी पसरतो. ज्याला ताप नाही, खोकला नाही, असा माणूसही तो पसरवू शकतो. म्हणून ‘मला काय झाले आहे?’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मास्क जसा आपल्यासाठी तसा समोरच्यासाठीही असतो. एकेरी सुती रुमालातून थेंब बरेच निसटतात, पदरी कापड किंवा शस्त्रक्रियेचा मास्क त्यांना अधिक अडवतो. दार-खिडक्या उघड्या असल्या तर धोका कमी, कोंदट दुकानात जास्त. एवढे पाच मिनिटांत सांगता आले असते. आम्ही पाटी लावली आणि पाच मिनिटे वाचवली.

पाटीने काय केले तेही पाहू. याच नोव्हेंबरच्या आदेशाने मास्क न लावणाऱ्या ग्राहकास ५०० रुपये आणि त्याला आत घेणाऱ्या दुकानास १०,००० रुपये दंड ठरविला. म्हणजे दुकानदार हा पोलीस झाला. आमच्या वस्तीतील किराणा दुकानदार आम्हांला म्हणाला, “भाऊ, गिऱ्हाईकाले टोकलं तं तो दुसऱ्या दुकानात जाते, नाही टोकलं तं दंड. सांगा, म्या काय करू?” त्याच्या दारात आम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. एकजण सामान घेऊन बाहेर येई, तोंडावरचा मास्क काढून बाहेर उभ्या असलेल्यास देई, आणि तो तोच मास्क लावून आत जाई. एका मास्कवर चार-पाच गिऱ्हाइके होत. नियम पाळला गेला, रोग मात्र तोंडातून तोंडात गेला. दंडाच्या भीतीने जे आचरण घडते ते असेच दारापुरते असते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नियम सर्वांना सारखा होता, पण टोकणे सर्वांना सारखे नव्हते. मजूर बाईला दारातच अडवले जाई. गाडीतून उतरलेले साहेब हनुवटीवर मास्क घेऊन आत येत आणि त्यांना बसायला खुर्ची मिळे. विषाणूला हा भेद कळत नव्हता, आपल्याला कळत होता.

येथे आम्हांला आमच्या स्वतःच्या चुकीची कबुली द्यायची आहे. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत जनधन खाते असलेल्या महिलांच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा झाले. ते काढण्यासाठी बँकेसमोर रांगा लागत. जून महिन्यात एके दिवशी साठीतली एक बाई आली. एसटी अजून पुरती सुरू झाली नव्हती, ती गावाहून पायी आली होती. पदर नाकावरून घट्ट घेतला होता. दारावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवले, म्हणाला, पदर चालत नाही, मास्क आणा. तिने आमच्याकडे पाहिले. त्या वेळी घरगुती कापडही चालते असा सल्ला होता, हे आम्हांला ठाऊक होते. उठून दोन शब्द बोललो असतो तर काम झाले असते. समोर रांग मोठी होती, आम्ही मान खाली घातली. तासाभराने ती मास्क लावून परत आली. पाचशे रुपये काढण्यासाठी तिने बाहेर ओळखीच्या कोणाकडून वीस रुपये उसने घेतले होते. पैसे मोजून घेतले आणि जाताना एवढेच म्हणाली, “साहेब, माहा पदर का इटाळाचा हाये?”

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, आपली थुंकी रस्त्यावर पडून कोणाला विटाळ होऊ नये म्हणून. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या आपल्या प्रसिद्ध भाषणात त्याची नोंद केली आहे. ज्यांच्या आजा-पणजाने दूर उभे राहण्याची सक्ती सोसली, त्यांना ‘दूर उभे राहा, तोंड झाका’ हे शब्द ऐकून काय वाटले असेल, याचा विचार आदेश काढणाऱ्यांनी केला नसेल. ‘सामाजिक अंतर’ हा शब्दच मुळात चुकीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द रूढ राहिला.

पण मडके आणि मास्क यांत भेद आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. मडके एकाच्या गळ्यात होते, ते अपमानासाठी होते, आणि त्यामागे कोणतेही शास्त्र नव्हते. मास्क प्रत्येकाच्या तोंडावर असतो, तो एकमेकांच्या रक्षणासाठी असतो, आणि त्याची उपयुक्तता तपासून पाहता येते. मात्र तो एकालाच सांगितला आणि दुसऱ्याला सोडला, की त्याच क्षणी मास्कचे मडके होते. त्या बाईचा प्रश्न आम्हांला असा समजला.

सक्तीविरुद्ध रोष केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मास्क सक्तीचा झाला, तेव्हा १९१९ च्या जानेवारीत तेथे चक्क मास्कविरोधी संघ निघाला. इंग्लंडमध्ये २४ जुलै २०२० पासून दुकानात मास्क अनिवार्य झाला, तेव्हाही बरीच कुरकुर झाली. आणि आपल्या महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगमध्ये घराघरांत शिरून झडत्या घेतल्याने पुण्यात केवढा क्षोभ झाला, रँडचा खून झाला, हे आपण शाळेत शिकलो. साथरोगांचा कायदा त्याच वर्षीचा, आणि करोनातही तोच वापरला गेला. परंतु त्याच १८९७ साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च रोजी गेल्या. एकाच साथीत सत्तेची वागणूक एक होती आणि सेवेची दुसरी. लोकांनी कोणती मनात जपली हे सांगायला नको.

सक्तीला पर्याय आहे काय? आहे, आणि तो शेजारच्या बांगलादेशात करून पाहिला गेला. २०२०-२१ मध्ये तेथे ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, गावातील मान्यवरांनी व इमामांनी स्वतः लावून दाखविले, आणि बाजारात कार्यकर्ते नम्रपणे आठवण करून देत. दंड नाही, शिवी नाही. नीट मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रियेचे मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसली, कापडी मास्कचा लाभ तितका स्पष्ट दिसला नाही. लाभ किती मोठा यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि आपणही मास्कला तारणहार मानू नये. परंतु माणसे कशाने ऐकतात याविषयी त्या प्रयोगाने जे दाखविले, ते विचार करण्यासारखे आहे.

आपला स्वतःचा अनुभवही तेच सांगतो. २०२० ची भीमजयंती आपण घरी साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. नागपूरला जाणे हा ज्या घरांचा वर्षाचा नेम, त्यांनीही घरीच वंदना घेतली. दुःख झाले, पण कोणाला दंड करावा लागला नाही. आपल्याच माणसांनी आपल्याला कारणासह सांगितले होते, म्हणून ते पटले.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पुढे अशी वेळ आलीच तर मंडळाने वस्तीतील दुकानांच्या दारात मास्कची पेटी ठेवावी, म्हणजे पैशाअभावी कोणी परत जाणार नाही. दुसरे, टोकण्याचे काम एकट्या दुकानदारावर न टाकता आपल्या तरुणांनी पाळीपाळीने करावे, आणि टोकताना गाडीतल्या साहेबापासून आरंभ करावा. तिसरे, पाटीवर नियमाखाली त्याचे कारण एका ओळीत लिहावे. आणि साथ नसतानाही, ज्याला खोकला आहे त्याने दुकानात, दवाखान्यात तोंड झाकून जावे. क्षयरोग अजून आपल्यातून गेलेला नाही.

ती बाई पुन्हा आमच्या काउंटरवर आली नाही. तिचे खाते चालू आहे, एवढे आम्हांला ठाऊक आहे. ती आली तर आम्ही तिला उत्तर देऊ की, माय, पदर इटाळाचा नव्हता, आम्ही बोललो नाही ही चूक आमची होती. ते तिला सांगता आले नाही, म्हणून आज आपणा सर्वांसमोर सांगितले.



जयभीम! नमो बुद्धाय!